अकरा नंबरचं डोकं

भोईरबाईंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो केसांवरून. वाशीच्या एका रुग्णालयात, मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात त्या ईईजीच्या खोलीत मला नोकरी लागली होती. आधीच्या ठिकाणी आठ वर्षं हेच काम करून आले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी जरा ऐटीतच होते. बाईंनी माझं नाव विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. मला खुर्चीत बसवलं, डोक्याजवळ वाकल्या आणि चक्क वास घेतला. शाम्पू आहे, पण त्यावर आणखी काहीतरी लावलंय, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, काही नाही. तेव्हा त्यांनी माझी एक बट दोन बोटांत धरून चोळली आणि "कंडिशनर," एवढंच म्हणाल्या. ते खरं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी खोटं का बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून बाईंच्या लेखी मी एकदा खोटं बोललेली बाई होते, आणि पुढच्या सहा वर्षांत त्यांनी ते विसरल्याचं कधी दाखवलं नाही.

त्यांचं म्हणणं असं की डोक्याला तेल, जेल, कंडिशनर काहीही असलं की वायरी नीट चिकटत नाहीत, आणि वायर नीट चिकटली नाही की आलेख खोटं बोलतो. तंत्र म्हणून हे बरोबरच आहे. पण इतर लोक हे पेशंटला सांगून मोकळे होतात. बाई प्रत्येक डोकं हुंगायच्या. केस धुतलेत का, हा प्रश्न त्या तीन वेळा तीन वेगळ्या तऱ्हेने विचारायच्या, आणि तिन्ही उत्तरं जुळली तरी हुंगायच्या.

नलिनी भोईर मूळच्या तळवलीच्या. ठेंगण्या, सावळ्या, चालताना एक खांदा किंचित पुढे. जिथे आज मोठाले टॉवर उभे आहेत तिथे त्यांच्या वडलांची भाताची खाचरं होती. गावातून असलं शिक्षण घेऊन पांढरा कोट घालणारी पहिली मुलगी त्याच, असं त्यांचे यजमान दत्ताराम सांगायचे. बाई स्वतः सांगायच्या नाहीत, कारण आधी कुणी नसेलच हे कशावरून, असं त्यांना वाटायचं. दत्तारामभाऊ ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, हसरे गृहस्थ. ते म्हणायचे, "लग्नात हिनं माझा हात हातात घेतला, तो बोटा पाच हायत का सहा ते मोजाला."

आलेखात एखादी विचित्र लाट उठली की बाई पडद्याकडे बघून एकच विचारायच्या: "कोन हलला?" त्यांच्या संशयितांचा क्रम ठरलेला होता. आधी पंखा, मग वायर, मग पेशंट, मग नातेवाईक. मेंदूवर आळ घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. एकदा एका चार वर्षांच्या मुलाच्या आलेखात झोप लागल्यावर डौलदार, एकसारख्या लाटा यायला लागल्या. रिपोर्ट वाचणारे डॉक्टर त्या लाटा पाहून फिटचं औषध सुरू करायच्या बेतात होते. बाईंना त्या लाटा फारच शहाण्या वाटल्या. त्यांनी मुलाला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, आईला नेहमीसारखं त्याच्याजवळ बसू दिलं आणि स्वतः पडद्याकडे न बघता आईच्या हाताकडे बघत बसल्या. मूल झोपावं म्हणून आई पाठीवर थोपटत होती. बाईंनी तिचा हात धरला, लाटा थांबल्या. सोडला, पुन्हा सुरू झाल्या. ते मूल आज शाळेत कुठेतरी दंगा करत असेल, आणि त्याच्या पोटात काही वर्षं फुकटच्या गोळ्या गेल्या नाहीत हे त्याला माहीतही नसेल.

घरमालकीण म्हणूनही त्या अशाच. गावातल्या जागेवर त्यांनी तीन मजले चढवले होते आणि खालचे दोन भाड्याने दिले होते. भाडेकरू येताना एका नावावर करार करतात आणि राहायला सहा जण येतात, हे घणसोली, तळवलीच्या प्रत्येक मालकाला ठाऊक असतं. बाकीचे मालक आरडाओरडा करतात. बाई काही बोलायच्या नाहीत, सकाळी कामावर निघताना दाराबाहेरच्या चपला आणि खिडकीतले दात घासायचे ब्रश मोजायच्या. एका खोलीत चपला चारांच्या आणि ब्रश सात, हा हिशोब त्यांना दिवसभर सतावायचा आणि दुपारी डबा खाताना त्या तो मला सांगायच्या.

मला त्यांचा राग यायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. मी चिकटवलेली प्रत्येक वायर त्या पुन्हा बोटाने दाबून बघायच्या. मी आणलेला चहा त्यांनी कधी घेतला नाही. मी आधीची नोकरी का सोडली, हे त्यांनी त्या ठिकाणी फोन करून विचारलं होतं, आणि ते मला दोन वर्षांनी तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत माझी आई म्हणाली, म्हातारीला दुसरं काम नाही. म्हातारी तेव्हा छप्पन्न वर्षांची होती.

मग डॉ. सामंतांचा अभ्यास सुरू झाला. डॉक्टर पस्तिशीतले, हुशार, घाईचे आणि मनाने स्वच्छ. त्यांचा विषय होता झोपेतच फिट येणारे लोक. अशा माणसाला दिवसा काहीही होत नाही. झोप लागली की हातपाय झाडतो, ओरडतो, आणि जागा झाला की त्याला त्यातलं काही आठवत नाही. डॉक्टरांना त्यांच्या मेंदूतली जोडणी बघायची होती. त्यांनी आम्हाला सोप्या शब्दांत समजावलं होतं. माणूस नुसता डोळे मिटून पडला तरी मेंदूचे भाग गप्प बसत नाहीत. एमआरआयच्या मशीनमध्ये दिसतं की काही भाग एकाच वेळी जोरात येतात आणि एकाच वेळी मंदावतात, मग त्यांचं आपसात बोलणं चालू आहे असं धरायचं. या पेशंटांमध्ये ते बोलणं काही ठिकाणी नको तितकं वाढलेलं आणि काही ठिकाणी तुटलेलं दिसतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोन कोनाशी बोलतो ते कलतं. काय बोलतात ते कलतं का?" डॉक्टर म्हणाले, नाही. "मग जपून," बाई म्हणाल्या, आणि वायरी पुसायला लागल्या.

तुलनेसाठी निरोगी माणसंही हवी होती. ती मी आणली. कांदा-बटाटा मार्केटमध्ये आमच्या पाटण तालुक्याकडचे पुष्कळ लोक माथाडी काम करतात. त्यातल्या एका टोळीचे मुकादम तात्या माझ्या वडलांच्या गावचे. त्यांना मी म्हटलं, दोनदा यायचं, आज एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा. डोक्याला टोपी लावून तासभर झोपायचं आणि मग मशीनमध्ये पडायचं, दुखत खुपत काही नाही. टोळी आली. रात्रभर पोती वाहिलेली माणसं, सकाळी अकराला गादीवर पाठ टेकली की दुसऱ्या मिनिटाला घोरायची. त्यांची नावं कुणाला कळू नयेत म्हणून प्रत्येकाला नंबर दिला होता. अकरा नंबर म्हणजे आनंदा.

वायरी बसवलेल्या तयार टोप्या आमच्याकडे होत्या, लहान, मध्यम आणि मोठी. डोळ्यांनी अंदाज घ्यायचा आणि टोपी चढवायची. बाईंना हा अंदाज पटायचा नाही. कोटाच्या खिशातली शिंप्याची टेप काढून त्या प्रत्येक डोकं मोजायच्या, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि आकडे वहीत लिहायच्या. सगळे हसायचे. सहा महिन्यांनी टोळी दुसऱ्यांदा आली त्या दिवशी बाई पुतण्याच्या हळदीला रजेवर होत्या. त्या दिवशी मी मोजलं, ते केवळ परत आल्यावर त्या वही उघडणार या भीतीने.

दोन आठवड्यांनी डॉ. सामंतांनी आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. अकरा नंबरच्या मेंदूतली जोडणी पहिल्या वेळी निरोगी माणसासारखी होती आणि दुसऱ्या वेळी हुबेहूब पेशंटसारखी. शिवाय दुसऱ्या वेळच्या झोपेतल्या आलेखात कपाळाच्या बाजूला, फिटच्या पेशंटांत दिसतात तशा, तीन-चार टोकदार लाटा. फिट यायच्या आधीच जोडणी बदलताना आपण पकडली, असं डॉक्टर म्हणाले. हे खरं ठरलं तर आजार येण्याआधी ओळखता येईल. मला फार आनंद झाला. माझ्या गावच्या माणसामुळे काहीतरी मोठं घडतंय असं वाटलं.

खोलीत परत आल्यावर बाईंनी वही काढली. पहिल्या वेळी आनंदाचं डोकं नाकापासून मागे साडेछत्तीस सेंटिमीटर. दुसऱ्या वेळी, माझ्या अक्षरात, चौतीस.

"मोजलंस, का नुसतंच लिवलंस?"

मी म्हटलं, मोजलं. त्यांनी टेप माझ्या हातात दिली, स्वतः खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, माझं मोज. मी मोजलं. पुन्हा मोज. तीन वेळा मोजायला लावलं, तिन्ही वेळा आकडा सारखा आला. मग त्यांनी कपाटावरच्या प्लास्टिकच्या कवटीचं मोजायला लावलं. माझे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते दिसत होतं. त्यांनी टेप गुंडाळली आणि म्हणाल्या, "तू नीट मोजतेस. मंजे डोकाच दुसरा हाय."

मी म्हटलं, रिसेप्शनवर आधार कार्ड बघूनच आत सोडतात. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की त्यांच्या खालच्या खोलीतही करार एकाच्या नावावर आहे आणि ब्रश सात आहेत. दाढी वाढलेल्या दोन माणसांत रिसेप्शनवाली मुलगी फरक करणार नव्हती. मग ती तुझी माणसं, तुला माहीत नव्हतं का, हेही त्यांनी मला विचारलं, तीन वेळा, तीन वेगळ्या तऱ्हेने.

खरं तर हे डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी तसं म्हटलंही. पण बाईंच्या डोक्यात वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, "त्याला सांगितला तर तो अकरा नंबर काढून टाकील, काम झाला. पन ज्याच्या डोक्यात त्या लाटा हायत तो मानूस कुठं हाय? तो आधी घावू दे." तोपर्यंत मी टोपी, आलेख, डॉक्टर, माझी बदनामी यांचाच विचार करत होते. टोकदार लाटा म्हणजे कुणाच्या तरी कवटीत चाललेली खरी गोष्ट आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मार्केटात गेलो. मला बरोबर नेलं ते वाट दाखवायला नव्हे. मी आधी फोन करून तात्यांना सावध करीन असं त्यांना वाटत होतं. गाडीत बसताना त्यांनी माझा फोन स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

दुपारच्या वेळी गाळ्यात कामाचा जोर ओसरलेला असतो. जमिनीवर कांद्याची सालपटं, भिंतीला लागून पोत्यांच्या उंच थप्प्या, आणि टोळीतली माणसं जागा मिळेल तिथे आडवी झालेली. तात्यांनी मला बघून चहा मागवला. बाईंनी चहा घेतला नाही. आनंदा कोण, असं विचारल्यावर एक माणूस उठून बसला. बाईंनी टेप काढली आणि सगळ्यांसमोर त्याचं डोकं मोजलं. साडेछत्तीस. मग त्यांनी शेजारच्याचं मोजलं, मग त्याच्या पलीकडच्याचं. माणसं गोंधळून हसत होती आणि डोकी पुढे करत होती. एकानं विचारलं, टोप्या शिवायच्या आहेत का? नऊ डोकी झाली. चौतीस एकाचंही नव्हतं. बाई तात्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, एक डोकं कमी आहे.

तात्यांनी वर बघितलं. थप्पीच्या माथ्यावर, दोन पुरुष उंचीवर, एक माणूस पालथा झोपला होता.

बाईंचा रंग उतरलेला मी त्या एकाच वेळी पाहिला. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्याला खाली घ्या. हाक नका मारू. वर जाऊन धरा, मग उठवा." दोघे जण चढले, त्याला धरून जागं केलं आणि खाली उतरवलं. तो संपत. तिशीचा, दाढी वाढलेला, झोपेतून उठवल्याने वैतागलेला. बाईंनी टेप माझ्या हातात दिली, त्याचं डोकं मी मोजलं. चौतीस.

तात्या आधी म्हणाले की आनंदाची आई आजारी पडली, तो कार्ड तात्यांकडे ठेवून गावाला गेला, म्हणून ते देऊन बदली दिला. "टोळीत नंबर मोकळा ठिवत न्हाईत, बाई. एक न्हाई आला तर दुसरा हुबा ऱ्हातो. त्यात आमी काय चोरी केली?" आणि हे खरंच होतं. ज्या जगात नंबर म्हणजे पाळी असते आणि पाळी कुणी ना कुणी उचलायचीच असते, तिथे नंबर म्हणजे एक ठरावीक डोकं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सुद्धा सांगितलं नव्हतं.

पण बाईंनी पुढचं विचारलं. दहा जणांत बदली म्हणून हाच का? तात्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग बोलले. संपत झोपेत हातपाय झाडतो, ओरडतो, हे खोलीतल्या सगळ्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. त्यामुळे त्याला ते कायम खाली, दोघांच्या मध्ये झोपवत. दवाखान्यात न्यावं तर कागदावर नाव चढणार आणि पाठीवरचं ओझं कायमचं उतरणार, म्हणजे कामच जाणार. मशीनची पाळी आली तेव्हा तात्यांना वाटलं, दुसऱ्याच्या नंबरावर तपासून होईल. काही निघालं तर डॉक्टर बोलावतीलच.

"तुमच्याकडनं कुणी काय कळवलं न्हाई," तात्या म्हणाले. "मंग आमी समजलो, प्वार चांगलं हाय. तवापासनं तो वर झोपतुया."

बाई एका पोत्यावर बसल्या. अभ्यासासाठी आलेल्या निरोगी माणसांना आम्ही काहीच कळवत नसू. सही घेताना तसं छापलेलं असायचं, इंग्रजीत. ज्या बाईने आयुष्यात कुणाच्या शब्दावर विसंबून एक वायर लावली नाही, तिच्या खोलीच्या गप्प राहण्यावर ही माणसं विसंबली होती.

संपत मात्र विसंबणाऱ्यातला नव्हता. मला काही होतच नाही, हे सगळे उगाच बोलतात, असं तो म्हणाला. मग त्याने बाईंना सरळ विचारलं, "तुमाला काय मिळणार यातनं?"

हा प्रश्न बाईंना मनापासून आवडला, हे मला कळलं, कारण त्यांनी तो स्वतः हजार वेळा विचारला असता. त्या म्हणाल्या की काही मिळणार नाही, उलट डॉक्टर चिडणार आहेत. मी कुणाला सांगणार नाही असं वचन देत नाही, डॉक्टरांना सांगणारच आहे. पण तुझं नाव तू स्वतः येऊन सांगितल्याशिवाय कागदावर चढणार नाही. "आन वर झोपू नको. माझ्यावर इश्वास नको ठेवू. पन खाली झोप."

आम्ही सगळं सांगितल्यावर डॉ. सामंतांनी अकरा नंबरच्या दोन्ही वेळच्या मेंदूच्या साध्या तसबिरी शेजारी शेजारी लावल्या. तोवर त्यांनी जोडणीचे रंगीत आराखडेच पाहिले होते. साध्या तसबिरींत मेंदूच्या घड्या जुळत नव्हत्या; दोन वेगळी माणसं आहेत हे कुणालाही दिसलं असतं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, आणि ते त्यांच्या जागी बरोबर होते. टोळीतली सगळी माणसं अभ्यासातून वगळावी लागली, इतक्या महिन्यांचं काम पडलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी बाईंना विचारलं की त्या माणसाला ओपीडीत आणता येईल का.

संपत तीन आठवडे आला नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई मार्केटात जायच्या, गाळ्याच्या दारात उभं राहून थप्पीच्या माथ्याकडे बघायच्या आणि परत यायच्या. पहिल्यांदा संपत वरच होता. दुसऱ्यांदा निम्म्या उंचीवर. तिसऱ्यांदा तो खाली होता, पण जागा होता आणि त्यांच्याकडेच रोखून बघत होता. मग एका सकाळी तात्या त्याला घेऊन आले. त्याने काउंटरवर स्वतःचं नाव सांगितलं, स्वतःचं कार्ड दाखवलं. बाईंनी तरीही डोकं मोजलं.

रात्रभर काम करून आलेला, तो लगेच झोपला. विसाव्या मिनिटाला त्याचे पाय जोरजोरात फिरायला लागले, घशातून आवाज निघाला, एक हात कठड्यावर आपटला. पडद्यावर नुसता गोंधळ माजला होता. बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी त्याच्या डोक्याखाली हात सरकवला होता आणि मोठ्याने सेकंद मोजत होत्या. तीस-पस्तीस सेकंदांत सगळं थांबलं. तात्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

संपतने थोड्या वेळाने डोळे उघडले आणि विचारलं, झोप लागली होती का मला? बाईंनी काहीही गोड न करता सांगितलं, की तू अर्धं मिनिट पाय मारलेस, ओरडलास, आणि मला एक लाथ बसली. त्याचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. त्याने ते पाहिलं. पुन्हा लावा म्हणाला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्याने आपल्या दोन्ही पायांवरून हात फिरवला. मला त्या क्षणी त्याची इतकी दया आली की मी काहीतरी काम काढून बाहेर गेले.

गोळ्या सुरू झाल्या. डॉ. सामंतांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की जमिनीवरचं ओझं चालेल, उंचीवर चढणं बंद. तात्यांनी टोळीत तशी सोय केली. अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि या वेळी सहीच्या कागदावर मराठीत एक ओळ वाढली होती, काही आढळल्यास तुम्हाला कळवले जाईल. ती ओळ बाईंनी आग्रहाने घालायला लावली आणि खाली डॉक्टरांचीही सही घेतली.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात लोकांनी त्यांच्या काटेकोरपणाची स्तुती केली, ती त्यांनी खाली बघून ऐकली. कुणी काय हेतूने बोलतंय याचा त्या विचार करत असाव्यात.

मला पुण्यात नोकरी मिळाली तेव्हा सांगायला म्हणून मी तळवलीला गेले. भर दुपार होती. दत्तारामभाऊ खाली अंगणात वाल सोलत होते. बाई कुठे म्हटल्यावर त्यांनी हसून पहिल्या मजल्याकडे बोट केलं. मी जिना चढून गेले. मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर छोट्या स्टुलावर बाई बसल्या होत्या. आत जमिनीवरच्या गादीवर संपत झोपला होता. रात्रपाळीचा माणूस, त्याची रात्र दुपारी. दाराला आतली कडी नव्हती, ती काढल्याच्या भोकांत लाकडाचा भुगा दिसत होता.

त्याला खोली दिली हे मला माहीत नव्हतं. मी हळू आवाजात विचारलं, त्रास आहे का अजून? बाई म्हणाल्या की तो म्हणतो, वर्ष झालं, काही नाही. गोळ्या वेळेवर घेतो असंही म्हणतो. मग मी म्हटलं, चांगलं झालं की, तुम्ही तरी आता जरा निवांत बसा.

"तो झोपलेला असतो," त्या म्हणाल्या. "त्याला काय ठावं? कोनीतरी जागा पायजे ना."

मी पुण्याचं सांगितलं. त्यांनी पगार विचारला नाही, जागा कुठे ते विचारलं नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि चहा करते म्हणाल्या. स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस हितं. मी येईपर्यंत त्याच्याकडं बघ. फोनात नको बघू."

मी बसले. त्या चार पायऱ्या उतरल्या, आणि परत वर आल्या, मी बघते आहे का ते बघायला. मी बघत होते. मग त्या खाली गेल्या.